येळ्ळूरच्या शिवारापासून चोडणच्या खाजणापर्यंत

बेळगावहून गोव्याला जाणारा माणूस चोर्ला घाटाची वाट धरतो ती बहुधा समुद्रासाठी, नाहीतर देवदर्शनासाठी. गाडीच्या काचेतून दिसतात ते डोंगर, धबधबे आणि धुके. रस्त्याकडेच्या शेतांकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पण मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत हाच प्रवास सावकाश, थांबत थांबत केला, तर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात एकच धान्य तीन तऱ्हांनी मातीत जाताना दिसते. धान्य म्हणजे भात. एका ठिकाणी ते कोरडे पेरतात, दुसऱ्या ठिकाणी रात्रभर भिजवून, तर तिसऱ्या ठिकाणी चक्क मोड आणून. मातीत पडण्यापूर्वी बियाण्याला पाणी दाखवावे की नाही, आणि दाखवले तर कुठवर, हा प्रश्न या वाटेवरच्या प्रत्येक गावाने आपापल्या पावसाप्रमाणे सोडवलेला आहे.

काळ्या मातीतली धूळवाफ

सुरुवात आपल्या घराजवळूनच करू. मेच्या शेवटच्या आठवड्यात राजहंसगडावर उभे राहिले की खाली येळ्ळूर, धामणे, वडगाव, शहापूरचे शिवार पसरलेले दिसते. काळीभोर, सपाट जमीन. बेळगावचा सुवासिक भात ज्या मातीने प्रसिद्धीस आणला ती हीच. अलीकडे शहर या शिवारात चहूबाजूंनी शिरू लागले आहे. हलगा-मच्छे बायपासविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या, त्या याच जमिनीसाठी. जी शेते उरली आहेत तिथे रोहिणी नक्षत्र लागले की कुरी बाहेर निघते. बैलजोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टरमागची कुरी आली, पण पद्धत तीच. कोरड्या, भुसभुशीत मातीत कोरडे बी. हीच धूळवाफ पेरणी.

"बी भिजवून का पेरत नाही?" असे मी येळ्ळूरच्या एका जुन्या शेतकऱ्याला विचारले. ते हसले. "सर, पाऊस कधी येतोय ते कुणाच्या हातात आहे ओ? भिजलेलं बी थांबत नाही. कोरडं बी थांबतंय."

उत्तर दोन वाक्यांचे, पण त्यात सगळे शास्त्र आले. धूळवाफेचे बी मातीत पडून राहते. आठ दिवस, पंधरा दिवस, पावसाची वाट पाहत. पुरेसा पाऊस झाला की एकदम उगवते, आणि पुढे जमिनीत चिखल होऊन कुरी चालेनाशी होण्याआधी पीक वर आलेले असते. जोखीम आहे ती अर्धवट पावसाची. एखादा वळीव जोरात कोसळतो, माती ओली होते, बियाला वाटते पावसाळा आला. कोंब बाहेर पडतो आणि नंतर दहा-बारा दिवस आभाळ कोरडे. तो कोंब सुकला की बी गेले. मग दुबार पेरणी.

दुबार पेरणी हा शब्द आपण वर्तमानपत्रात दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो. पण त्याचा हिशेब घरात बसून करून पाहावा. कुरीने पेरायला एकरी साधारण तीसेक किलो बियाणे लागते. ते पुन्हा आणायचे, पुन्हा ट्रॅक्टरचे भाडे, पुन्हा मजुरी. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गेलेले पंधरा-वीस दिवस. ते कुणी परत देत नाही. उशिरा उगवलेले पीक तणाच्या मागे पडते, आणि बळ्ळारी नाल्याला पूर येतो तेव्हा ते बोटभर असते, म्हणून पाण्याखाली कुजते. २०२३ साली मान्सून केरळातच ८ जूनला पोहोचला, पुढे ऑगस्ट महिना देशभरात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरला, आणि कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. अशा वर्षी पेरलेले बी किती लवकर आणि किती एकसारखे उगवते, यावर घरचे वर्ष अवलंबून असते.

जांबोटीच्या पुढे

किणये मागे टाकून जांबोटीची वाट धरली की माती बदलते. काळ्याची तांबडी होते, सपाटी संपून चढउतार लागतात, आणि झाडी अंगावर येते. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे बेळगाव शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. इथे धूळवाफेची गरजच नाही. पाऊस येणार याची खात्री आहे, फक्त तो किती झोडपणार एवढाच प्रश्न. म्हणून इकडे तरवा टाकतात आणि मग रोपांची लावण करतात. कुणी तिला नट्टी म्हणतात.

रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीत एक मावशी भाताचे बी निवडत होत्या. पिंपात मिठाचे पाणी केलेले. त्यात बी ओतले की पळंज वर तरंगते, भरलेले दाणे तळाशी बसतात. कृषी खात्याची शिफारसही हीच आहे: दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, वर तरंगलेले काढून टाकायचे, आणि खाली राहिलेले बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यायचे. मावशींनी धुतलेले बी पुन्हा साध्या पाण्यात घातले.

"आता रात्रभर ऱ्हाऊ दे. सकाळी निथळायचं, पोत्यावर पसरायचं, हाताला चिकटायचं थांबलं की वाफ्यात."

"कोंब येईपर्यंत नाही ठेवत?"

"वाफ्यात घालायला कोंब कशाला? हातानं टाकताना मोडतो की. आणि त्या दिवशी पावसानं झोडपलं तर थांबायला नको?"

मावशी जे करत होत्या त्याला शेतीशास्त्रात 'सीड प्रायमिंग' असे नाव आहे. मराठीत सरळ 'बी भिजवून सुकवणे' म्हटले तरी चालेल. आपल्या घरातल्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मटकीची उसळ करायची तर रात्री भिजत घालतो, सकाळी उपसतो आणि फडक्यात बांधून ठेवतो. फडक्यात बांधल्यावर मोड येतात. उपसणे आणि फडक्यात बांधणे यांच्या मधे जी अवस्था असते, दाणा फुगला आहे पण मोड दिसत नाही, तिथेच काम थांबवायचे आणि दाणा सावलीत सुकवायचा. हे झाले प्रायमिंग. फडके बांधले की पुढची पायरी.

या दोन पायऱ्यांत एवढा फरक का, हे समजून घेण्यासारखे आहे. कोठीतल्या कोरड्या भातात बारा-तेरा टक्के ओल असते. पाण्यात टाकले की पहिले काही तास दाणा भराभर पाणी ओढतो. हे निव्वळ शोषण, मेलेला दाणाही तसेच करतो. मग पाणी ओढणे जवळजवळ थांबते. बाहेरून पाहिले तर काहीच घडत नाही, पण आत सगळी लगबग याच वेळी चाललेली असते. साठवणीत झालेली पेशींची झीज दुरुस्त होते, पिष्टाची साखर करणारी द्रव्ये तयार होऊ लागतात, श्वसन वाढते. आणि तिसऱ्या टप्प्यात मूळ टरफल फोडून बाहेर येते. दुसऱ्या टप्प्यात बी परत सुकवले तर ते मरत नाही. झालेली तयारी बरीचशी टिकवून ठेवते आणि पुन्हा ओल मिळताच लवकर उगवते. तिसऱ्या टप्प्यात मात्र परतीची वाट बंद. मूळ बाहेर पडलेले बी सुकवले की संपले.

येळ्ळूरच्या काकांचे 'भिजलेलं बी थांबत नाही' आणि जांबोटीच्या मावशींचे 'थांबायला नको?' ही दोन्ही बोलणी याच सीमारेषेवरची आहेत. वळवाचा पाऊस मातीतल्या बियाला भिजवतो तेव्हा तोही एक प्रकारे प्रायमिंगच करत असतो. फरक एवढाच की त्याला कुठे थांबायचे हे कळत नाही.

चोडणच्या खाजणात

चोर्ल्याचा घाट उतरून, केरी, साखळी, डिचोली करत चोडणला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. मांडवीच्या पात्रातले हे बेट. पर्यटकांना ते माहीत आहे सलीम अली पक्षी अभयारण्यामुळे. पण गोव्याच्या इतिहासात या बेटांचे खरे काम खाजणाचे. भरतीचे खारे पाणी मातीच्या बांधांनी अडवायचे, बांधात मानस, म्हणजे पाण्याचे दार, बसवायचे, आणि समुद्राच्या पातळीलगतच्या त्या जमिनीत पावसाळ्यात भात व नंतर मासळी घ्यायची. शतकानुशतके गावकऱ्यांनी मिळून सांभाळलेली ही व्यवस्था आहे. बांध फुटला, मानशीकडे दुर्लक्ष झाले, की खारे पाणी आत येते आणि जमीन पडीक राहते. अशी पडीक खाजणे आता गोव्यात पाहावी लागतात.

खाजणातला जुना भात म्हणजे कोरगुट. उंच वाढणारा, खारेपणा सोसणारा. जुन्या गोव्याजवळच्या एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून 'गोवा धान' नावाची क्षारसहनशील वाणे पुढे आणली आहेत. वाण कोणताही असो, इथली मुख्य अडचण उगवणीच्या पहिल्या पंधरवड्यातली. उन्हाळ्यात जमिनीत वर आलेले मीठ पहिल्या पावसाने धुऊन जायला हवे, नंतर बी पडायला हवे. आणि पडल्यावर त्याने लवकर मूळ धरायला हवे, नाहीतर पाणी चढते.

म्हणून इथे मोड आणतात. बी पोत्यात भरून पाण्यात बुडवायचे, दिवसभराने काढून निथळायचे आणि उबेत दाबून ठेवायचे. एक-दोन दिवसांत पांढरा कोंब दिसतो. मग ते चिखलात हाताने फेकायचे. कोकणात याला 'रहू' म्हणतात. बांधावर भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने ओंजळभर पाणी उचलले, जिभेला लावले आणि थुंकून टाकले. अजून दोन दिवस थांबायचे, असा त्याचा निकाल होता. घरी पोते पाण्यात घालायचे की नाही, हे त्या जिभेवर ठरत होते. कारण एकदा मोड आले की ते बी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जमिनीत जायलाच हवे.

भाताची आणखी एक गंमत इथे कळते. भाताचे बी पाण्याखाली, हवा जवळपास नसतानाही रुजू शकते. गहू-हरभऱ्याला ते जमत नाही. पण पाण्याखाली रुजलेल्या दाण्याचा कोंब हवेच्या शोधात लांबत जातो आणि मुळे मात्र धरत नाहीत. म्हणून फेकणीच्या वेळी चिखल हवा, तळे नको. बळ्ळारी नाल्याकाठी पूर ओसरल्यावर जे पुन्हा पेरतात त्यांनाही हे लागू आहे.

दूरच्या एका पट्ट्याची गोष्ट

बी भिजवण्याची ही विद्या काही आजची नव्हे. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टसने, इसवी सनापूर्वी, काकडीचे बी दुधात किंवा पाण्यात भिजवल्यास लवकर रुजते असे लिहून ठेवले आहे. आपल्याकडे उज्जैनच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात बी दहा दिवस दुधात ठेवण्याचा विधी सांगितला. आधुनिक शास्त्रात 'प्रायमिंग' हा शब्द रुळवण्याचे श्रेय इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या हायडेकर यांना दिले जाते. १९७३ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी पाणी मर्यादित प्रमाणातच शोषू देणाऱ्या रासायनिक द्रावणात बी ठेवून उगवण एकसारखी करून दाखवली. भाजीपाल्याच्या महागड्या बियाण्यांचा व्यापार आज याच तंत्रावर चालतो. पण कोरडवाहू शेतकऱ्याला ते द्रावण परवडणारे नव्हते.

त्याच्यासाठी काम झाले ते इंदूर आणि बडोद्याच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात. झाबुआ, बांसवाडा आणि पंचमहाल, म्हणजे मध्य प्रदेश, राजस्थान व गुजरात जिथे एकमेकांना भिडतात तो भिल्ल आदिवासींचा मुलूख. १९९० च्या दशकात कृभकोच्या भारत-ब्रिटिश कोरडवाहू शेती प्रकल्पात वेल्समधील बँगोर विद्यापीठाचे डेव्ह हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या शेतकऱ्यांबरोबर एक साधा प्रयोग केला. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचे, सकाळी वरवर सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. शेजारी त्याच वाणाचे कोरडे बी. निकाल शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. मका, हरभरा आणि वरकस भात या तिन्ही पिकांत उगवण लवकर झाली, विरळ जागा कमी राहिल्या, दुबार पेरणीची पाळी कमी आली, फुलोरा आधी आला, आणि उत्पन्नही वाढले. खर्च म्हणाल तर एका बादलीचा.

या कामातली मला सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे 'सुरक्षित मर्यादा' ही कल्पना. प्रत्येक पिकाचे बी किती तास भिजवले तर मातीत पडल्याशिवाय ते कोंब काढणार नाही, तेवढेच तास. ही मर्यादा पाळली की पेरणी लांबली तरी बी सुकवून ठेवता येते. मावशींची 'सकाळी निथळायचं' ही रीत आणि ही मर्यादा एकच आहेत.

करून पाहायचे असेल तर

आपल्या भागातील वाचकांसाठी काही गोष्टी नीट सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट उगवण तपासण्याची. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि आठवड्याने किती रुजले ते मोजावे. प्रमाणित भात बियाण्याची किमान उगवण ८० टक्के मानतात. त्याहून फार कमी असेल तर भिजवूनही ते सुधारणार नाही. भिजवण्याने जिवंत बी चपळ होते, मेलेले जिवंत होत नाही. आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात, त्यात ही परीक्षा आपोआप होत असे, असे जुनी माणसे सांगतात.

दुसरे, वेळ. भात आणि मका संध्याकाळी भिजत घालून दुसऱ्या दिवशी काढावा, चोवीस तासांच्या पुढे जाऊ नये. हरभऱ्यासारखी कडधान्ये रात्रीचे आठ तास पुरेत. काढल्यावर सावलीतच सुकवावे. दाणे बोटांतून मोकळे सुटले पाहिजेत, नाहीतर कुरीच्या चाड्यात ते अडकतात आणि ओळीत खंड पडतात.

तिसरे, काय भिजवू नये. सोयाबीन आणि भुईमूग पाण्यात बुडवून ठेवू नयेत. त्यांचे साल नाजूक असते, पाणी एकदम आत शिरले की दाणा फुटतो आणि उगवण उलट घटते. कंपनीचे रंगीत, औषध लावलेले बियाणेही भिजवू नये. औषध धुऊन जाते, आणि ते पाणी गुराढोरांच्या तोंडी लागले तर अनर्थ. जिवाणू खत लावायचे असेल तर ते भिजवून सुकवल्यानंतर, पेरणीच्या अगदी आधी.

चौथे, धूळवाफ. पाऊस पंधरा दिवसांवर असेल तर भिजवण्यात फारसा अर्थ नाही. काकांचे कोरडे बी तिथे योग्यच आहे. पण वळीव होऊन मातीत खोलवर ओल असेल आणि वाफसा असेल, तर रात्रभर भिजवलेले बी दोन-तीन दिवस आधी वर येऊ शकते. तणाच्या आधी पीक वर येणे म्हणजे बायकांची एक खुरपणी हलकी होणे. हा फायदा सहसा कुणी लिहीत नाही, कारण खुरपणाऱ्या बायकांच्या पाठदुखीचा हिशेब कोणत्याच वहीत मांडला जात नाही.

मसुराची पेरणी

या विद्येचा आपल्या शिवाराला खरा उपयोग पावसाळ्यात नसून दिवाळीनंतर आहे, असे मला वाटते. भात कापला की येळ्ळूर-शहापूरच्या काळ्या जमिनीत मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. वरून पाणी नाही, मातीत असेल तेवढ्या ओलीवर पीक यायचे. आणि ती ओल रोज वरून खाली सरकत असते. अशा वेळी बियाने मातीतून पाणी शोषण्यात दोन दिवस घालवायचे, की पाणी पिऊनच मातीत उतरायचे? बांगलादेशात राजशाहीकडच्या बरिंद या उंचवट्याच्या प्रदेशात भातानंतर हरभरा घेणाऱ्यांची परिस्थिती हुबेहूब आपल्यासारखी. तिथे हॅरिस यांच्याच मंडळींनी रात्रभर भिजवण्याचा प्रयोग केला आणि पीक दाट उभे राहिले. उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या पट्ट्यात रब्बी ज्वारीसाठी कॅल्शियम क्लोराइडच्या दोन टक्के द्रावणात बी भिजवून सुकवण्याची शिफारसही आहे. तत्त्व तेच.

येळ्ळूरच्या काकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला नाही, नकारही दिला नाही. "चार गुंठ्यांत करून बघतो," म्हणाले. "शेजारी चार गुंठे कोरडं. मसूर उगवल्यावर या, दोघं मिळून मोजू." झाबुआच्या शेतकऱ्यांनीही नेमके हेच केले होते. शास्त्र विद्यापीठातून आले तरी त्याचा निकाल शेवटी शेतकऱ्याच्या बांधावरच लागतो. ज्यांचे शिवार अजून शिल्लक आहे, त्यांनी या दिवाळीनंतर चार गुंठे जरूर बाजूला काढावेत.